वर्षाचं धान्य भरायचं की महिन्याचं आणायचं? वही घेऊन बसा आणि ठरवा

क्विंटलभर गहू एकदम घेतला तर किलोमागे पाच-सहा रुपये सुटतात असं ठोक दुकानदार सांगतो, आणि ते खोटं नसतं. फक्त तो दर पोत्याचा असतो. आपल्याला हवा असतो तो ताटात पडणाऱ्या चपातीचा दर. पोतं गणपती पेठेतून उचललं की शेवटची मूठ गिरणीत जाईपर्यंत मध्ये हमाली येते, रिक्षा येते, निवडण येते, किडे येतात, आणि सांगलीत नदीकाठी राहत असाल तर कृष्णामाईसुद्धा येते. एवढं सगळं वजा करून जे उरतं ती बचत.

मी सांगलीच्या गावभागात राहते. सासूबाईंच्या काळात मार्च-एप्रिलमध्ये वर्षाचं सगळं भरलं जायचं आणि त्यात काही चुकत नव्हतं. घरात दहा माणसं, दोन वेळा भाकरी-चपाती आणि निवडायला चार हात होते. आता आम्ही चौघं आहोत. घर बदललं, तसा हिशेबही बदलतो. गेली काही वर्षं मी एकेका वस्तूचा हिशेब वहीत लिहून बघते आहे. तो कसा मांडायचा ते सांगते.

आधी घरात किती लागतं ते मोजा

इथे बहुतेकजण अंदाजपंचे बोलतात. आम्हाला महिन्याला पाच किलो साखर लागते असं मी वर्षानुवर्षं सांगत होते. मोजल्यावर साडेतीन निघाली.

मोजायची पद्धत सोपी आहे. प्रत्येक डब्याच्या झाकणावर आतून कागदाची चिठ्ठी चिकटवा. डबा भराल तेव्हा तारीख आणि वजन लिहा, संपेल तेव्हा पुन्हा तारीख लिहा. दोन महिने हे केलं की खरा आकडा हातात येतो. एक महिना पुरत नाही, कारण श्रावणात भगर-साबुदाणा वाढतो, मे महिन्यात पाहुणे असतात, आणि मुलगा पुण्याला हॉस्टेलला असेल तर भाकरीचं पीठ तेवढं कमी होतं. आमच्याकडे महिन्याला गहू १२ किलो आणि शाळू (रब्बीची ज्वारी) ८ किलो लागतो. तुमच्या घरचा आकडा वेगळा असणार, माझा उचलू नका.

रेशनवर माणशी ५ किलो धान्य मिळत असेल आणि ते तुम्ही खात असाल तर ते या आकड्यातून आधी वजा करा. रेशनचा गहू घरात असताना वर पोतंही भरलं आणि शेवटी दोन्हींत किडे झाले, असं मी शेजारीच पाहिलं आहे.

दर जुळवताना माप आणि माल एकच धरा

ठोकातला गहू आणि कोपऱ्यावरच्या दुकानातला गहू हा एकच माल आहे का, हे आधी बघा. दोन्हीकडे लोकवन म्हणतात, पण एक मशीन क्लीन असतो आणि दुसऱ्यात खडे-काडी असते. पोतं घेण्याआधी दोन किलो घरी आणा, दळा, चपाती करा. संध्याकाळपर्यंत मऊ राहते का, ते बघा. पोत्याच्या तोंडाशी माल चांगला दिसतो, म्हणून तळातून मूठभर काढून बघायला संकोच करू नका. वजन बारदानासह धरलंय का, हेही विचारा. तागाचं पोतं अर्ध्या किलोहून जड भरतं.

सगळ्यात जास्त फसगत तेलात होते. डबा १५ किलोचा आहे की १५ लिटरचा, हे वाचल्याशिवाय दर बोलूच नका. तेल पाण्यापेक्षा हलकं असतं. एक लिटर तेलाचं वजन साधारण ९१० ग्रॅम भरतं. म्हणजे १५ लिटरच्या डब्यात तेल असतं १३ किलो ६५० ग्रॅम. समजा, १५ किलोचा डबा २,४०० रुपयांना आहे आणि शेजारीच १५ लिटरचा २,२५० ला. (आकडे समजण्यापुरते आहेत, दर त्या दिवशीचा घाला.) वरवर दीडशे रुपये वाचले असं वाटतं. भागाकार केला की पहिला पडतो १६० रुपये किलो आणि दुसरा १६५ च्या जवळ. पिशव्यांचंही तसंच आहे. दिसायला एकसारख्या असतात, पण आत कधी ९१० ग्रॅम, कधी त्याहून बरंच कमी. पुढच्या बाजूचा मोठा आकडा बघू नका, मागचे ग्रॅम वाचा.

हल्ली पाकिटांवर एमआरपीशेजारी बारीक अक्षरात प्रति ग्रॅम किंवा प्रति किलो दर छापलेला असतो. तो बघायची सवय लावा, फार उपयोगी आहे. मात्र तो एमआरपीवरून काढलेला असतो. दुकानदार एमआरपीपेक्षा कमीत देत असेल तर मोबाइलवर स्वतःच भागाकार करावा लागतो. ‘चारवर एक फुकट’ साबणाच्या पॅकमध्ये वडी ७५ ग्रॅमची आहे की १०० ची, हे बघितल्याशिवाय ते पाचवं फुकट आहे की नाही कळत नाही. मोठं पाकीट म्हणजे स्वस्त, हाही नियम नाही. चहा आणि बिस्किटांत छोटं पाकीट किलोमागे स्वस्त पडल्याचं माझ्या वहीत दोनदा लिहिलेलं आहे.

कराची एक गोष्ट लक्षात ठेवा. १८ जुलै २०२२ पासून पॅक करून लेबल लावलेल्या धान्य, डाळ, पिठावर ५ टक्के जीएसटी आहे, पण तो २५ किलोपर्यंतच्या पाकिटावर. त्याहून मोठ्या कट्ट्यावर नाही आणि पोत्यातून सुट्टं मोजून घेतलं तरी नाही. २६ आणि ३० किलोचे कट्टे दुकानात का दिसतात, ते यावरून कळेल. म्हणून पाच किलोच्या छापील पाकिटाशी पोत्याची तुलना केली तर पोतं स्वस्त वाटणारच. खरी तुलना सुट्ट्या धान्याशी करायची.

ताटापर्यंतचा दर काढा

आता मुख्य हिशेब. एक क्विंटल गहू घेऊ. ठोकात ३४ रुपये किलो, कोपऱ्यावर तोच निवडलेला सुट्टा गहू ४० रुपये किलो, असं धरू.

पोत्याचे ३,४०० रुपये झाले. हमाली आणि रिक्षा-टेम्पो १२० रुपये. एरंडेल, कडुलिंब, चाळणं असं किरकोळ ६० रुपये. एकूण ३,५८०. महिन्याला १२ किलो लागतात, म्हणजे पोतं आठ महिने चालणार. एवढे पैसे बँकेत असते तर ७ टक्क्यांनी व्याज आलं असतं. गहू संपत जातो तसे पैसे मोकळे होतात, म्हणून आठ महिन्यांच्या निम्मे, सरासरी चार महिन्यांचं व्याज धरायचं. ते होतं साधारण ८० रुपये. एकूण ३,६६०.

आता दुसरी बाजू. शंभर किलोतले दोन किलो निवडण्यात गेले, तळाशी दोन किलो किडले. खाल्ले ९६ किलो. ३,६६० भागिले ९६ म्हणजे ३८ रुपये १३ पैसे.

दुकानात सहा रुपये दिसत होते, घरात आले दोनाला थोडे कमी. आठ महिन्यांत वाचले १८० रुपये. मी काही हे नको म्हणत नाही, १८० रुपये म्हणजे १८० रुपये. पण पोतं घेताना आपण ६०० रुपये वाचवले असं मनात धरतो आणि त्या जोरावर दुसरं काहीतरी घेऊन येतो, ते चुकतं.

याच हिशेबातून एक मोलाचा आकडा मिळतो. ३,६६० भागिले ४० केलं तर साडेएक्क्याण्णव येतात. म्हणजे साडेआठ किलोपेक्षा जास्त नासाडी झाली की पोतं तोट्यात. प्रत्येक पोत्यासाठी हा आकडा आधी काढून ठेवा आणि स्वतःला विचारा, आपल्या घरात तेवढं वाया जातं का? दमट खोली असेल, दोघंही नोकरीला जात असाल आणि महिन्यातून एकदाही चाळायला वेळ नसेल, तर जातं.

वहीत न मावणारा एक खर्च आहे. डबा भरलेला असला की हात सैल सुटतो. तेलाचा पंधरा किलोचा डबा फोडला त्या महिन्यात आमच्याकडे पळीचं माप बदललं. चार महिने चालायला हवा होता तो डबा तीन महिन्यांत तळाला गेला. किलोमागे पाच रुपये वाचवून वर पावणेचार किलो तेल जास्त खाल्लं. तेव्हापासून मोठा डबा माळ्यावर ठेवते आणि महिन्याच्या एक तारखेला ठरलेलं तेलच स्वयंपाकघरातल्या बरणीत काढते. बरणी संपली तर महिना संपेपर्यंत जपून वापरायचं. तेल, साखर, साबण, शेंगदाणे आणि मुलांचा खाऊ ठोकात घेणार असाल तर हे करावंच लागतं.

पैसा कुठून आणताय

वरच्या हिशेबात पैसे घरचे धरले होते. तेच ३,४०० रुपये दरमहा शेकडा दोनने उचलले आणि गहू संपेल तसे फेडले, तर चार महिन्यांच्या सरासरीने व्याज होतं २७२ रुपये. व्याजाआधीची बचत होती २६०. म्हणजे सगळी बचत जाऊन वर बारा रुपये अंगावर. कर्ज काढून पोतं भरू नका. कोपऱ्यावरचा दुकानदार महिनाभर बिनव्याजी खातं चालवत असेल आणि ठोकवाला रोख मागत असेल, तर कोपऱ्यावरचे दोन रुपये जास्त देणंच परवडतं. अडीअडचणीला तोच दुकानदार उधार देतो, हेही धरा.

कोणती वस्तू कधी आणि किती

सरसकट ‘किराणा ठोकात’ असं कधी ठरवू नका, एकेक वस्तू वेगळी धरा.

शाळू आणि गहू सुगीत घ्या. जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडचा शाळू फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतो, गहू मार्च-एप्रिलमध्ये येतो. शाळूत बचत जास्त सुटते, कारण तो ओळखीच्या शेतकऱ्याकडून थेट मिळू शकतो. नवीन तूर जानेवारी-फेब्रुवारीत, हरभरा त्याच्या मागोमाग. तांदूळ मात्र नवा चिकट होतो. वर्षभर जुना झाला की मोकळा शिजतो, म्हणून जागा असेल तर तो साठवण्यात दुहेरी फायदा आहे. अख्खी तूर डाळीपेक्षा टिकते, पण आता भरडायला कोण बसतं? म्हणून डाळ तीन-चार महिन्यांचीच घ्या.

हळद तर आपल्या गावची. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. नवा माल मार्केट यार्डात येतो तेव्हा वर्षाची हळद हळकुंडं घेऊनच करा. हळकुंड मोडून बघायचं. चांगलं असेल तर खणकन आवाज करत तुटतं आणि आत गर्द केशरी दिसतं. लिबलिबीत वाकलं किंवा आत फिकं निघालं तर सोडून द्या. अख्खी हळकुंडं दोन वर्षंसुद्धा राहतात. पूड चार महिन्यांत वासाला उतरते. म्हणून हळकुंडं वर्षाची घ्या आणि डंकावर तीन-चार महिन्यांपुरतीच कांडून आणा. मिरचीचंही असंच आहे. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये ब्याडगी, संकेश्वरी घेऊन कडक उन्हात वाळवली, वर्षाची चटणी कांडली आणि बरणीत हिंगाचे खडे घालून दाबून भरली, तर बाजारच्या पाकिटापेक्षा स्वस्त तर पडतेच, आणि चव आपली. वर्षाचं भरण्यात खरी कमाई मला चटणी-हळदीतच दिसली आहे, कारण पाकिटाच्या आणि अख्ख्या मालाच्या दरात अंतर मोठं असतं आणि जागा एका बरणीची लागते.

रवा, बेसन, पोहे, मैदा, शेंगदाणे यांच्या भानगडीत ठोकाने पडू नका. पावसाळ्यात रव्याला जाळी धरते, दाणे खवट होतात. बाजरीचं पीठ तर आठवडाभरातच कडवट लागायला लागतं. घेतलेच जास्त, तर रवा भाजून ठेवा किंवा पाकीट चार दिवस फ्रीजरमध्ये ठेवून मग डब्यात भरा. गूळ पावसाळ्यात पाझरतो, ढेप घ्यायची तर हिवाळ्यात घ्या आणि जूनपर्यंत संपेल एवढीच.

अंगाचा साबण साठवायला उत्तम. वेष्टन काढून महिनाभर हवेवर ठेवला तर वडी कडक होते आणि न्हाणीघरात कमी झिजते. धुण्याची पावडर पावसाळ्यात गड्डा होते, घट्ट झाकणाचा डबा हवा. जंतुनाशक ब्लीच पडून राहिलं की त्याचा जोर कमी होतो. तान्ह्या बाळाचे डायपर कितीही स्वस्त मिळोत, एका मापाचे दोन महिन्यांहून जास्त घेऊ नका, बाळ थांबत नाही.

दर नेहमी वरच जातील, असंही नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून अंगाचा साबण, टूथपेस्ट, शॅम्पू, केसांचं तेल यांवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला. ज्यांनी ऑगस्टमध्ये वर्षाचा साठा केला, त्यांनी जुना कर भरून ठेवला. कारखान्याच्या मालाला सुगी नसते. सहा महिन्यांपलीकडचं घेण्याचं कारण मला तरी सापडलेलं नाही.

साठवण

धान्याला दोन-तीन कडक उन्हं द्या. दाणा दाताखाली धरला की कट्ट आवाज होऊन फुटला पाहिजे, चपटा झाला तर अजून ओल आहे. उन्हातून उचललेलं गरम धान्य तसंच कोठीत भरू नका, आत वाफ धरते. रात्रभर पसरून निवू द्या. कोठी विटांवर किंवा पाटावर, भिंतीपासून हातभर लांब ठेवा. ती शिगोशीग भरा, आत हवा जितकी कमी तितका किडा कमी. गव्हाला, डाळीला एरंडेलाचा हात फिरवायचा. कडुलिंबाचा पाला पूर्ण वाळलेलाच घाला, ओल्या पाल्यानं बुरशी येते. बोरिक पावडर चोळायची पद्धत आहे, पण ती खायची वस्तू नव्हे. मी सोडली.

एक कळकळीनं सांगते. धान्यात ठेवायच्या म्हणून ज्या अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या मिळतात, त्या राहत्या घरात आणू नका. हवेतल्या ओलीने त्यांतून फॉस्फीन हा विषारी वायू सुटतो. बंद खोलीत झोपलेली माणसं त्यानं दगावली आहेत. किड्याला एवढं भ्यायचं असेल तर पोतं घेऊ नका, महिन्याचं आणा.

पाणी कुठवर येतं

सांगलीकरांना हे टाळता येत नाही. आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा आणि ४५ फुटांवर धोका, हे आपल्याला पाठ असतं. पण धान्य भरताना आठवत नाही. हरिपूरची हळदीची पेवं जमिनीत खोल खणलेली होती. त्यांत हळद वर्षानुवर्षं टिकायची, आणि २००५ च्या महापुरात त्यांतही पाणी शिरलं.

ऑगस्ट २०१९ मध्ये नदी ५७ फुटांवर गेली तेव्हा आमच्या तळमजल्यावर दीड क्विंटल गहू आणि दोन पोती शाळू होता. पाणी उतरल्यावर दार उघडलं तर गहू फुगून कोठीची शिवण उकलली होती. फटीतून पांढरे मोड बाहेर आले होते आणि आंबलेला वास अंगणापर्यंत येत होता. सासूबाईंनी मूठभर गहू हातात घेतला, बोटांत चुरला आणि म्हणाल्या, “अगं, चोळूनसुद्धा उपयोग नाही, सोड.” ते सगळं फावड्यानं ओढून कचऱ्याच्या ट्रॉलीत टाकलं. किलोमागे वाचवलेल्या पाच रुपयांची पंधरा वर्षांची बेरीज केली असती तरी तेवढी भरली नसती.

म्हणून गावभाग, हरिपूर, कर्नाळ रस्ता अशा भागांत तळमजल्यावर राहत असाल, तर सुगीत जुलैपर्यंत पुरेल एवढंच घ्या आणि उरलेलं दसऱ्यानंतर घ्या. दर थोडा चढलेला असेल, तो विम्याचा हप्ता समजून द्या. वरचा मजला असेल तर पोतं पहिल्या दिवसापासून वरच चढवा. पुराच्या रात्री शंभर किलो जिन्यावरून नेता येत नाही. नदीपासून लांब, विश्रामबागेकडे बहीण-भाऊ असतील तर त्यांच्याकडे ठेवायला सांगा आणि त्याबद्दल थोडं धान्य त्यांना द्या, ते रास्त आहे.

तीन घरांनी मिळून

लहान कुटुंबाला ठोकाचा दर आणि छोटा साठा दोन्ही हवं असेल तर हा मार्ग मला सगळ्यात पटतो. भिशीतल्या किंवा बिल्डिंगमधल्या तिघींनी मिळून एक क्विंटल घ्यायचं. हमाली-भाडं तिघींत वाटलं जातं, धान्य तीन महिन्यांत संपतं, किडा लागायला वेळच मिळत नाही आणि पैसेही अडकत नाहीत. फक्त पैसे आधी गोळा करा आणि वाटणी तिघींच्या देखत काट्यावर करा. डोळ्यांच्या अंदाजानं वाटलं की पुढच्या वर्षी मैत्रीण येत नाही. तळाशी उरलेला चुरा कुणाकडे जायचा, तेही आधीच ठरवून टाका.

पोतं संपलं की वहीत तीन आकडे लिहा. किती दिवस चाललं, किती फेकलं, ताटापर्यंत काय दर पडला. दोन वर्षं असं लिहिलं की कुणाला विचारावं लागत नाही. यंदा आमच्या वहीप्रमाणे हळकुंडं पाच किलो आणि चटणी वर्षाची. शाळू ऐंशी किलो, तोही वरच्या खोलीत. गहू शेजारच्या दोघींबरोबर वाटून. तेल पाच लिटरच्या कॅनमध्ये, महिन्याचं महिन्याला. डाळ तीन महिन्यांची. आणि रवा-बेसन कोपऱ्यावरून, लागेल तेव्हा अर्धा किलो.